सीमा कोठें आंखावी? – घरगुती उष्णताशास्त्राची तोंडओळख

उन्हाळ्याचे दिवस आले कीं मोठ्या कुटुंबांतून एक वाद हटकून उपस्थित होतो. भर दुपारीं घरांतील एखादा चुणचुणीत मुलगा फ्रीजचें दार सताड उघडून त्याच्यासमोर बैठक मारतो. आजी रागें भरते. त्यावर मुलगा विचारतो, “सगळी खोली थंड होत असेल तर कोणाचें काय बिघडलें?” वडील माणसें विजेच्या बिलाकडे बोट दाखवितात. परंतु मुलाच्या प्रश्नाचें तें उत्तर नव्हे. खर्च किती होतो हें त्यानें विचारलेलेंच नाहीं. खोली थंड होते कीं नाहीं, एवढेंच त्याला हवें आहे.

या प्रश्नाचें उत्तर ज्या शास्त्रांत मिळतें त्यास ऊष्मागतिकी असें म्हणतात. नांव भारदस्त आहे खरें. पण त्या शास्त्राचीं मूळ तत्त्वें पडताळून पाहण्यास स्वयंपाकघराबाहेर जाण्याचें कारण पडत नाहीं. त्याची पहिली शिकवण कोणती, आणि ती ध्यानीं न आल्यामुळें सुशिक्षित घरांतूनहि इंधनाची नासाडी व प्रसंगीं जिवाला अपाय कसा होतो, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शास्त्राचा जन्म

या शास्त्राचा जन्म कारखान्याच्या धुरांत झाला. म्यूनिच येथें तोफांच्या नळ्यांना भोंक पाडण्याचें काम चाललें असतां त्या भयंकर तापतात, हें पाहून काउंट रम्फर्ड याला नवल वाटलें. त्यानें नळी पाण्यांत बुडवून मुद्दाम बोथट हत्यारानें ती कोरविली. अडीच तासांत तें पाणी विस्तवावांचून उकळूं लागलें. हा वृत्तांत त्यानें १७९८ सालीं प्रसिद्ध केला. उष्णता हा एक अदृश्य द्रवपदार्थ असून तो पदार्थांत भरलेला असतो, अशी त्या काळची समजूत होती. घर्षण चालू आहे तोंपर्यंत उष्णता निघतच राहते, तेव्हां तिचा सांठा मुळांत असणें शक्य नाहीं, असा रम्फर्डचा युक्तिवाद होता.

पुढें १८२४ सालीं सादी कार्नो या फ्रेंच तरुणानें वाफेच्या यंत्राची शक्ति कोणत्या मर्यादेपलीकडे वाढवितां येणार नाहीं याचा विचार एका लहानशा पुस्तकांत मांडला. त्या वेळीं त्याचें वय अवघें २८ वर्षांचें होतें, आणि छत्तिसाव्या वर्षीं तो पटकीनें वारला. इंग्लंडांत एका मद्य-कारखानदाराचा मुलगा जेम्स ज्यूल यानें १८४० नंतरच्या दहा वर्षांत कार्य आणि उष्णता यांचा विनिमयाचा भाव मोजून काढला. जर्मनींत क्लॉसियस यानें १८५० सालीं या सर्वांची शास्त्रशुद्ध मांडणी केली. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धांवली, तेव्हां तिच्या एंजिनाचें कोडें उलगडणारें हें शास्त्र जेमतेम तीन वर्षांचें होतें! यंत्र आधीं चाललें आणि त्याचें मर्म मागाहून कळलें, असा हा प्रकार आहे.

प्रणाली, परिसर आणि सीमा

कोणताहि हिशेब मांडण्यापूर्वीं तो कोणाचा, हें ठरवावें लागतें. एकत्र कुटुंबांत थोरल्या भावानें धाकट्यास दहा रुपये दिले, तर धाकट्याच्या वहींत ती जमा आहे, थोरल्याच्या वहींत तो खर्च आहे, आणि घराच्या समाईक वहींत मात्र कांहींच घडलेलें नाहीं. व्यवहार एकच, पण वही बदलली कीं त्याचा अर्थ बदलतो.

ऊष्मागतिकीची रीत नेमकी हीच आहे. विश्वाचा जो तुकडा आपण विचारार्थ निवडतों त्यास प्रणाली म्हणतात. तिच्याबाहेर जें उरलें तो परिसर. आणि दोहोंना विभागणारी रेषा ती सीमा. ही सीमा भांड्याच्या पत्र्याप्रमाणें खरीखुरी असेल, किंवा केवळ मनानें कल्पिलेलीहि असेल. ती कोठें आंखावी याचें स्वातंत्र्य आपणांस आहे. पण एकदां आंखल्यावर हिशेब संपेपर्यंत ती हलवितां येत नाहीं.

सीमेवरून काय ये-जा करूं शकतें, यावरून प्रणालीचे तीन प्रकार पडतात. उघड्या पातेल्यांत चहाचें आधण ठेविलें कीं त्यांत खालून उष्णता शिरते आणि वरून वाफ निघून जाते; म्हणजे पदार्थ व ऊर्जा या दोहोंनाहि वाट मोकळी आहे. ही खुली प्रणाली होय. कुकरचें झांकण घट्ट बसून शिटी होण्यापूर्वींची जी स्थिति, तींत उष्णता आंत जाते पण पाणी वा वाफ बाहेर पडत नाहीं. ही बंद प्रणाली. शिटी वाजली कीं तोच कुकर त्या क्षणापुरता खुल्या वर्गांत जातो. तिसरा प्रकार विलग प्रणालीचा. तिच्या सीमेवरून पदार्थहि जात नाहीं आणि ऊर्जाहि जात नाहीं. अशी निर्दोष प्रणाली घरांत कोठेंच सांपडावयाची नाहीं. परंतु १८९२ सालीं जेम्स ड्यूअर यानें योजिलेली निर्वात दुहेरी भिंतीची बाटली, जी पुढें थर्मास या नांवानें घरोघर गेली, ती तिच्या बरीच जवळ जाते. रात्रीं भरलेलें दूध तींत सकाळपर्यंत कोमट राहतें. पण कोमटच राहतें, कढत राहत नाहीं, यावरून ती विलगता कितपत आहे याची कल्पना येईल.

आतां फ्रीजच्या वादाचा निकाल लावूं. मुलानें आपली सीमा कपाटाच्या दारापुढील दोन हात जागेभोंवतीं आंखली होती, आणि तेवढ्या जागेंत गारवा येतो हें खरेंच आहे. परंतु त्यानें दावा केला तो सबंध खोलीचा. तेव्हां सीमा खोलीच्या भिंतींवरून नेली पाहिजे, आणि ती तशी नेतांच फ्रीज संपूर्णपणें सीमेच्या आंत येतो. फ्रीज उष्णता नाहींशी करीत नाहीं. आंतली उष्णता ओढून तो ती मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांवाटे खोलींत टाकतो, आणि या हमालीसाठीं वीज खातो. समजा, त्यानें ३०० ज्यूल उष्णता ओढली आणि त्यासाठीं १०० ज्यूल वीज घेतली, तर नळ्यांवाटे ४०० ज्यूल बाहेर पडतात. दार उघडें असतां ज्या खोलींतून तीनशें घेतले तिलाच चारशें परत मिळतात. अर्थात् खोली तापते! वातानुकूलन यंत्राचें अर्धें अंग भिंतीबाहेर ठेवावें लागतें तें एवढ्याचसाठीं. आजीचें म्हणणें शास्त्राला धरून होतें. फक्त त्याचें कारण तिनें सांगितलें नव्हतें.

गुणधर्मांचे दोन वर्ग

सीमा आंखून झाली कीं आंत काय आहे याचें वर्णन करावयाचें. तें गुणधर्मांनीं करतात: वस्तुमान, आकारमान, दाब, तापमान, घनता इत्यादि. यांचे दोन वर्ग आहेत, आणि ते ओळखण्याची युक्ति अगदीं सोपी आहे. एका घागरींतील पाणी दोन कळशांत समसमान ओतावें. जो गुण निम्मा होतो तो राशीवर अवलंबून असणारा. जो होता तसाच राहतो तो राशीवर अवलंबून नसणारा. वजन निम्में झालें, आकारमान निम्में झालें. पण तापमान निम्में झालें नाहीं. तीस अंशांच्या पाण्याचे दोन वांटे केले म्हणून प्रत्येक कांहीं पंधरा अंशांचा होत नाहीं.

राशीवर अवलंबून असणाऱ्या एका गुणास तशाच दुसऱ्या गुणानें भागिलें तर राशि निघून जाते. वस्तुमानास आकारमानानें भागिलें कीं घनता मिळते. दुधांत पाणी आहे कीं काय हें पाहण्यासाठीं जो कांचेचा दुग्धमापक वापरतात त्याची सर्व मातब्बरी यांतच आहे. चांगलें ढवळलेलें दूध असेल तर पेलाभर नमुन्यावरून सबंध किटलीची घनता कळते.

हा भेद पोशाखी नव्हे. तापमान आणि उष्णता यांची गल्लत लोक करतात ती तो न समजल्यामुळेंच. दिवाळींतील फुलबाजीच्या ठिणगीचें तापमान हजार अंशांच्याहि वर असतें; तरी ती हातावर पडली तर बहुधा नुसती चुणचुणते. उलट ६० अंशांच्या पाण्याची बादली अंगावर सांडली तर कातडी सोलून निघते. ठिणगीचें तापमान प्रचंड, पण वस्तुमान नगण्य. म्हणून तिजजवळ देण्याजोगी ऊर्जा थोडी. पाण्याचें तापमान बेताचें, पण राशि मोठी. ज्या घरांत लहान मुलें आहेत तेथें न्हाणीघरांतील कढत पाणी आधीं ओतून मग गार पाणी मिसळण्याची पद्धति कायमची बंद करावी, आणि आधीं गार व मग कढत असा क्रम ठेवावा, असें आम्ही आग्रहपूर्वक सुचवितों. याला खर्च कांहींच नाहीं, आणि टळणारा अनर्थ मोठा आहे.

समतोल आणि तापमान

थंडीच्या दिवसांत पहांटे पितळी तांब्यास हात लावला तर तो बर्फासारखा लागतो. शेजारच्या लांकडी पाटास लावला तर तितका गार वाटत नाहीं. रात्रभर दोघे एकाच खोलींत होते, तेव्हां दोघांचें तापमान एकच असलें पाहिजे. आणि मापक लावून पाहिल्यास तें एकच भरतें. पितळ हाताची उष्णता भराभर ओढून नेतें, लांकूड ती हळूहळू नेतें. आपणांस जाणवतो तो उष्णता जाण्याचा वेग. हात हा तापमापक नव्हे, हें यावरून उघड आहे. तापाच्या मुलाच्या कपाळावर हात ठेवून “फारसा नाहीं” असें म्हणणारीं माणसें बाहेरून, गार हवेंतून, आलेलीं नाहींत ना, हें पाहावें!

दोन वस्तू एकमेकींस लागून ठेविल्या आणि पुरेसा वेळ जाऊं दिला, कीं उष्णतेची देवघेव थांबते. यास औष्णिक समतोल म्हणतात. पहिली वस्तु तिसरीशीं समतोलांत असेल आणि दुसरीहि तिसरीशीं समतोलांत असेल, तर पहिली व दुसरी एकमेकींशीं समतोलांत असतात. हें इतकें उघड वाटतें कीं शास्त्रज्ञांना तें नियम म्हणून सांगण्याची गरजच भासली नाहीं. पहिला व दुसरा नियम प्रस्थापित होऊन गेल्यावर, विसाव्या शतकांत, याला स्थान द्यावयाचें तर तें त्यांच्याहि आधीं द्यावें लागेल असें ध्यानांत आलें, म्हणून याचें नांव शून्यावा नियम असें पडलें. तापमापक ही ती “तिसरी वस्तु” होय. तो जिभेखालीं ठराविक वेळ धरून ठेवावयाचा तो शरीराशीं त्याचा समतोल व्हावा म्हणून. मुलाच्या तक्रारीस कंटाळून तो लवकर काढला, तर त्यावरील आंकडा तापाचा नसून अर्धवट व्यवहाराचा असतो.

अंश मोजण्याची शून्य ही खूण कोठें मांडावी, हा प्रश्न लॉर्ड केल्व्हिन यानें १८४८ सालीं सोडविला. पाणी गोठतें तेथील शून्य हें केवळ सोयीचें आहे. ज्याच्याखालीं जातां येतच नाहीं असें निरपेक्ष शून्य त्याहून सुमारें २७३ अंश खालीं आहे. त्या मापानें आपल्या खोलीचें तापमान तीनशें केल्व्हिनच्या आसपास भरतें.

अवस्था आणि वाट

शुद्ध पाण्यासारख्या साध्या पदार्थाची राशि ठाऊक असली कीं त्याचे दोन स्वतंत्र गुणधर्म सांगितले म्हणजे बाकीचे आपोआप ठरतात. दाब व तापमान सांगा. घनता किती हें कोष्टकांतून काढून देतां येईल. यालाच त्या पदार्थाची अवस्था असें म्हणतात. पण पाणी उकळूं लागलें कीं एक चमत्कार होतो: पाणी आणि वाफ एकत्र नांदत असतां दाब व तापमान हे स्वतंत्र राहत नाहींत. दाब ठरला कीं तापमान ठरलेंच. समुद्रकांठीं उघड्या पातेल्यांतील पाणी १०० अंशांवर उकळतें, महाबळेश्वरीं साडेपंच्याण्णवांच्या सुमारास, आणि लेह येथें ८८ च्या आसपास. तेथें डाळ शिजत नाहीं ती डाळीच्या दोषानें नव्हे.

यांतून गृहिणींनीं व हल्लीं स्वयंपाक करणाऱ्या गृहस्थांनींहि घ्यावयाचा धडा असा. एकदां उकळी फुटली कीं खालची आंच कितीहि मोठी केली तरी पाण्याचें तापमान वाढत नाहीं, आणि तांदूळ किंवा बटाटे लवकर शिजत नाहींत. जास्त आंचेनें जास्त वाफ होते, एवढेंच. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत आणण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या सुमारें सातपट उष्णता तेंच उकळतें पाणी संपूर्ण आटवून टाकण्यास लागते. खळखळणारें उघडें पातेलें पाहून ज्यांना काम झपाट्यानें चाललें आहे असें वाटतें, त्यांचा गॅस खिडकीवाटे जात असतो. झांकण ठेवावें आणि उकळी फुटतांच आंच कमी करावी.

तापमान वाढवावयाचें तर दाब वाढविला पाहिजे. हें तत्त्व डेनिस पापँ यानें १६७९ सालीं लंडन येथें आपल्या झांकणबंद भांड्यांत सिद्ध करून दाखविलें, आणि वाफ बेफाम होऊं नये म्हणून त्यावर वजनाची झडपहि बसविली. आजचा कुकर त्याचाच वंशज. आंतील दाब बाहेरच्याहून दर चौरस सेंटिमीटरास सुमारें एक किलोनें अधिक झाला कीं पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतें. आतां झांकणाचा व्यास २० सेंटिमीटर धरिला तर त्याचें क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर होतें. म्हणजे त्यावर आंतून ३१४ किलोंचा, पांच मोठ्या माणसांच्या वजनाइतका, रेटा असतो! वाफ जिरण्यापूर्वीं झांकणाशीं झटापट करणें म्हणजे काय, हें या आंकड्यावरून समजावें. शिटीची नळी रोज धुवून आरपार दिसते कीं नाहीं हें पाहावें, आणि सुरक्षा-झडप निकामी झाल्यास तिच्या जागीं भलतेंसलतें कांहीं बसवूं नये.

अवस्थेसंबंधीं आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. वहींतील शिल्लक पाहून आज घरांत किती पैसा आहे हें कळतें; परंतु तो पगारानें आला कीं भाड्यानें, हें शिल्लक सांगत नाहीं. प्रणालीची आंतरिक ऊर्जा ही अशी शिल्लक आहे. उष्णता आणि कार्य हे मात्र जमाखर्चाचे मार्ग आहेत. ते सीमा ओलांडतांना तेवढे दिसतात. म्हणून “या पाण्यांत किती उष्णता भरली आहे?” हा प्रश्न शास्त्रदृष्ट्या चुकीचा ठरतो. तेंच पाणी विस्तवावर ठेवून तापवा किंवा रम्फर्डप्रमाणें घर्षणानें तापवा. अखेरची अवस्था एकच असेल तर त्यांत काडीचाहि फरक राहत नाहीं. जमेंतून खर्च वजा जातां शिल्लक तेवढीच वाढते, हाच ऊष्मागतिकीचा पहिला नियम.

आणि विनिमयाचा भाव काय? ज्यूलच्या प्रयोगांवरून एक किलो पाणी एका अंशानें तापविण्याचें मोल ४२७ किलोंचें वजन एक मीटर उंच उचलण्याइतकें भरतें. स्नानाचें पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास लागणाऱ्या ऊर्जेंत साठ किलो वजनाच्या माणसाला सुमारें १६०० मीटर, म्हणजे समुद्रसपाटीपासून जवळजवळ कळसूबाईच्या शिखराइतकें उंच उचलतां येईल. रोजच्या एका बादलीची ही किंमत आहे!

माठ आणि मनुष्यदेह

शेवटीं ज्या प्रणालीची काळजी सर्वांत अधिक घेतली पाहिजे तिच्याकडे वळूं. ती म्हणजे आपला देह. तो खुली प्रणाली आहे. अन्न, पाणी, श्वास हे सर्व त्याच्या सीमेवरून ये-जा करितात. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरांत सेकंदास सुमारें १०० ज्यूल उष्णता निर्माण होते, आणि ती सर्व बाहेर टाकली तरच आंतील तापमान ३७ अंशांच्या आसपास टिकतें. हवा गार असेल तर ही उष्णता कातडीवरून सहज निघून जाते. परंतु कातडीचें तापमान ३५ अंशांच्या जवळपास असतें. हवा त्याहून तापली कीं ती वाट बंद होते, इतकेंच नव्हे तर उलटी वाहूं लागते. मग एकच मार्ग उरतो, आणि तो माठाचा.

माठाच्या छिद्रांतून पाझरलेलें पाणी वाळतांना आंतील पाण्याची उष्णता घेऊन जातें. शंभर भागांतील एक भाग असा वाळून गेला आणि बाहेरून उष्णता आली नाहीं, तर उरलेल्याचें तापमान सुमारें सहा अंशांनीं उतरेल. घामाचें कार्य हेंच. स्वस्थ बसलेल्या माणसाची सगळी उष्णता केवळ घामानें काढावयाची तर ताशीं सुमारें दीडशें ग्रॅम घाम वाळला पाहिजे. “वाळला” हा शब्द महत्त्वाचा आहे. टपकून खालीं पडलेला घाम फारसें कांहीं नेत नाहीं. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यांत माठ व घाम हे दोन्ही आपलें काम चोख करितात, फक्त पाण्याचा पुरवठा अखंड पाहिजे. कोंकणांतील दमट हवेंत पारा खालीं असूनहि दोन्ही मंदावतात.

ओल्या फडक्यांत गुंडाळलेल्या तापमापकावर जें तापमान दिसतें त्यास आर्द्र तापमान म्हणतात. तें ३५ अंशांवर गेलें तर निरोगी माणसालाहि फार वेळ जगणें अशक्य होईल, असें २०१० सालीं शास्त्रज्ञांनीं गणितानें मांडलें. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तर दमट हवेंत तरुण व धडधाकट माणसांची मर्यादाहि ३१ अंशांच्या आसपासच असल्याचें दिसून आलें. वृद्धांची मर्यादा त्याहून खालीं असणार, हें सांगावयास नको. वयाबरोबर घाम व तहान दोन्ही मंदावतात.

म्हणून आमच्या वाचकांस विनंति अशी. कडक उन्हाळ्यांत घरांतील वृद्धांना तहानेची वाट न पाहतां पाणी द्यावें. (हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास तें किती, हें वैद्यांस विचारावें.) हवा ४० अंशांवर गेली असतां नुसत्या पंख्याच्या वाऱ्यावर विसंबूं नये; तो तापलेली हवाच अंगावर आणून टाकतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा आहे. अंग ओल्या फडक्यानें वरचेवर पुसावें. एखादें माणूस उन्हानें असंबद्ध बोलूं लागलें किंवा बेशुद्ध झालें, तर घाम येत आहे कीं नाहीं याची चर्चा करीत बसूं नये. तत्काळ सावलींत नेऊन अंगावर पाणी ओतावें, वारा घालावा, आणि विलंब न लावतां इस्पितळ गांठावें. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत पाणी घालूं नये.

प्रणाली, सीमा, गुणधर्म, समतोल, अवस्था – हे पांच शब्द एवढाच या लेखाचा ऐवज आहे. मुलांना ते पाठ करावयास लावूं नयेत. घरांत गरम होणाऱ्या व निवणाऱ्या प्रत्येक वस्तूबाबत “सीमा कोठें आंखली, आणि तिच्यावरून काय गेलें-आलें?” हा एक प्रश्न त्यांना विचारावयास शिकवावें. पुस्तकांतील पुढचे नियम ज्या वेळीं त्यांच्यासमोर येतील त्या वेळीं ते परके वाटणार नाहींत. आणि दरम्यान घरांतील गॅस, पाणी व वडीलधाऱ्यांची प्रकृति या तिन्हींची निगा थोडी अधिक डोळसपणें घेतली जाईल.